पिना काढायची वेळ

"साखरेचा दाणा कुठे गेला?" वकीलकाकांनी मला विचारलं.

मी ओटीवर चपला काढत होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती. मला वाटलं चहाचं काहीतरी चाललंय, म्हणून म्हटलं, मी घरून चहा पिऊनच निघालेय. तर ते खुर्चीत ताठ झाले आणि काळा चष्मा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवला.

"चहाचं विचारत नाही. काल तुम्ही यायच्या आधी मी लॅपटॉपच्या उजव्या कडेला, आवाजाच्या कार्डाच्या खाचेत, साखरेचा एक दाणा ठेवला होता. कार्ड ओढलं की दाणा पडणार. तुम्ही गेल्यावर नखानं चाचपलं, दाणा नव्हता. आणि संध्याकाळी आवाज गेला. आता सांगा, कार्डाला हात कुणी लावला?"

एरवी ते मला शुभदा म्हणायचे आणि तू म्हणायचे. 'तुम्ही' आलं की समजायचं, आपण पिंजऱ्यात उभे आहोत. मुळ्येवकिलांची सगळी उमर रत्नागिरीच्या कोर्टात सरकारी वकील म्हणून गेली. काचबिंदूनं डोळे नेले, उजेड कुठला आणि अंधार कुठला एवढंच कळायचं, पण उलटतपासणीची खोड काही गेली नाही. दूधवाल्यापासून सगळे तिच्यातून गेलेले होते, आता पाळी माझी.

मी टेबलाशी जाऊन वाकून पाहिलं. खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती, ती टेबलाच्या पायावरून वर चढून थेट लॅपटॉपपर्यंत गेली होती. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, काका, देवरुखात साखर उघडी ठेवायची आणि ती दुसऱ्या दिवशी जागेवर सापडायला हवी, हे कुठल्या कायद्यात बसतं? तुमच्या टेबलावर मुंग्यांची वरात चाललीय.

त्यांनी बोट पुढं केलं. एक मुंगी चावली तेव्हा त्यांनी ते मागं घेतलं. म्हणाले, पुढच्या वेळी वाळूचा कण ठेवतो. माफी वगैरे काही नाही. मीही हट्टानं पिशवी आदळून काम सुरू केलं.

हे मी सांगतेय त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर शिकवायची, बिघडलेले दुरुस्त करायची. गावात माझं दुकान नव्हतं, होती ती फक्त पत. शेट्यांची शुभदा आली की काम होतं आणि घरातली वस्तू घरात राहते, असं लोक म्हणायचे. वकीलकाकांकडे मला लावलं ते त्यांच्या मुलीनं, वैजयंतीताईंनी. त्या बडोद्याला असतात. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि आंधळ्या बापाला एकटं ठेवायचं नाही असं ताईंनी ठरवलं होतं. काका हलायला तयार नव्हते. शेवटी बापलेकीत एक तह झाला. काकांनी बोलणारा लॅपटॉप शिकायचा, स्वतःची पत्रं, बँक, वर्तमानपत्र स्वतः वाचायचं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी ताई येणार, बघणार. जमलं तर काका देवरुखात राहणार, नाही जमलं तर सामान बांधून बडोदा.

लॅपटॉप त्यांच्या पुतण्यानं परदेशातून पाठवलेला. त्याची गंमत अशी की त्याला पक्की भोकं नव्हतीच. दोन्ही कडांना रिकामे कप्पे होते, आणि काड्यापेटीहून लहान अशी कार्डं त्यांत सरकवायची. एक कार्ड हेडफोनचं, एक साठवणीचं, एक पेन ड्राइव्ह लावायचं, एकातून चार्जर. एक बिघडलं तर तेवढं बदलायचं, अख्खा लॅपटॉप दुकानात न्यायला नको. काकांना हे फार आवडलं होतं. बोटांनी चाचपून प्रत्येक कार्ड ते ओळखायचे. सगळा कारभार हेडफोनच्या कार्डावर होता, कारण लॅपटॉपचा उघडा आवाज त्यांनी पहिल्याच दिवशी मला बंद करायला लावला होता. आपली पत्रं यंत्र मोठ्यानं वाचणार आणि ती कुंपणापलीकडे ऐकू जाणार, हे त्यांना चालण्यातलं नव्हतं. साठवणीच्या कार्डावर ते जुन्या खटल्यांच्या आठवणी लिहीत होते.

सप्टेंबर सगळा झकास गेला. काका अडखळत का होईना, वर्तमानपत्र ऐकायला लागले. अग्रलेखाशी भांडायला लागले. मग ऑक्टोबर लागला आणि मी लॅपटॉप अपडेट केला. लॅपटॉपच्या सगळ्या कारभाराचा एक गाभा असतो, त्याला कर्नेल म्हणतात. तो नवा आला होता, आणि वेळच्या वेळी अपडेट करावं या माझ्या शिस्तीप्रमाणे मी तो घातला. त्या दिवसापासून इडापीडा सुरू झाली. मी सकाळी असेपर्यंत सगळं सुरळीत. दुपारी मी गेले की तासा-दोन तासांत हेडफोन मुका. साठवणीचं कार्डसुद्धा गायब, लॅपटॉपच्या यादीत त्याचं नावच नाही. काका त्यांच्या बटणांच्या फोनवरून मला कळवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायचे, बसायचे, चार्जर लावायचे, आणि पाच मिनिटांत दोन्ही कार्डं हजर.

मी करायचं ते सगळं केलं. कार्डं काढून पुसली, डावीकडची उजवीकडे घातली, कप्पे बदलले. लॅपटॉप सुरू होताना जुना गाभा निवडता येतो, तोही निवडून पाहिला. जुन्यावर चाललं, पण माझ्यासमोर तर नव्यावरही चालत होतं, मग त्यातून निष्पन्न काय होणार? एकदा लॅपटॉप घरी नेला. अख्खा दिवस माझ्या टेबलावर चार्जरला लावून ठेवला, गाणी लावून ठेवली. माझी आई कंटाळली, पण गाणी काही थांबली नाहीत. विजा सुरू झाल्या तेव्हा मी तो रीतसर बंद केला, आमच्या घरातल्या सगळ्या पिना काढल्या आणि झोपले.

परत आणून दिला तर संध्याकाळी फोन. आवाज गेला.

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? वकिलानं तर एकच समजायचं. त्यांच्या हिशेबी गोष्ट साधी होती. मी असले की चालतं, मी गेले की बंद पडतं. म्हणजे जे काही आहे ते माझ्यात आहे.

बुधवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, वैजूचा तुम्हाला फोन आला होता का. आला होता. आदल्या दिवशीच, मी त्यांच्याच ओटीवर असताना, आणि मी उठून माडाखाली जाऊन बोलले होते. मी हो म्हटलं.

"काय म्हणाली?"

आता आली का पंचाईत? ताई मला म्हणाल्या होत्या, शुभदा, नाही जमत तर तूच त्यांना सांग की जमत नाही, तुझं ऐकतील, माझं नाही ऐकणार. रडवेला आवाज होता बाईचा. त्यात लबाडी काही नव्हती, काळजी होती. पण ते शब्द मी काकांना जसेच्या तसे सांगितले असते तर बापलेकीत कायमचं वाजलं असतं. मी म्हटलं, ते तुम्ही ताईंनाच विचारा.

"साक्षीदार उत्तर टाळतोय," ते जणू दुसऱ्याच कुणाला तरी सांगत असल्यासारखे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माझ्या मुलीला मी इथून हलायला हवा आहे. तुमचा पगार माझी मुलगी देते. यंत्र बंद पडलं की मी हरलो. आणि यंत्र तुमच्या पाठीमागेच बंद पडतं. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून निघून जावं, तुमचा लॅपटॉप तुम्हाला लखलाभ, असं तोंडावर आलं होतं. पण मी गेले असते तर दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत बातमी झाली असती की शेट्यांच्या पोरीनं आंधळ्याला फसवलं. आणि खरं सांगायचं तर, रविवारी हा माणूस हरला तर जाणार कुठे, हे मला दिसत होतं. बडोद्याला चौथ्या मजल्यावर, जिथे खिडकी कुठे आणि भिंत कुठे हे पहिल्यापासून शिकायचं. इथं ते विहिरीपर्यंत काठीशिवाय जायचे.

पण एक सांगते, तोवर माझ्याही मनात पाल चुकचुकायला लागली होती. मला वाटायला लागलं, हा म्हातारा स्वतःच तर काही करत नसेल? मी एकदा दुपारी जरा उशिरापर्यंत थांबले होते. आभाळ भरून आलं, लांब गडगडलं, तसे काका उठले आणि भिंतीला हात लावत घरभर फिरायला लागले. कुठेतरी थांबायचे, काहीतरी पुटपुटायचे, पुढे जायचे. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. मी विचारलं, काय म्हणताय काका? तर ते एकदम गप्प झाले, काही नाही म्हणाले, आणि पाऊस यायच्या आत तू घरी जा म्हणून मला जवळजवळ हाकललंच. वकिलाला लपवण्यासारखं काही असेल तर त्याला ते नीट लपवता येतं. पण इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला पक्कं वाटायला लागलं.

शुक्रवारी मी म्हटलं, काका, फैसला करून टाकू. उद्या मी दिवसभर इथे बसते. ओटीवर, लॅपटॉपपासून लांब. सकाळी तुमच्यासमोर चालू करून देईन, त्यानंतर त्याला शिवणार नाही. माझ्या जागेवरून मी सतत काहीतरी बोलत राहीन, म्हणजे मी हलले तर तुम्हाला कळेल. बंद पडलं तर कुणामुळे पडलं ते दोघांनाही समजेल.

त्यांना हे पसंत पडलं. म्हणाले, बोलू नका, त्रास होईल, त्यापेक्षा कुळीथ निवडा. सुपाचा आवाज मला ऐकू येतो.

म्हणून शनिवारी मी मुळ्येवकिलांच्या ओटीवर बसून दिवसभर कुळीथ पाखडले. मास्तरकी करायला गेलेली बाई, पण वेळ आली तर काय करणार? आत काका कानाला हेडफोन लावून वर्तमानपत्र ऐकत होते. मध्ये जेवले, थोडे लवंडले, उठून पुन्हा बसले. लॅपटॉप मजेत चालत होता. सुपाचा आवाज थांबला की लगेच आतून खाकरायचे, मी पुन्हा सूप हलवायची.

दुपार कलली आणि आभाळ काळं झालं. आमच्याकडे ऑक्टोबरात हे रोजचंच. सकाळी कडक ऊन, आणि चारच्या सुमाराला डोंगरापलीकडून गडगडाट. काकांनी हेडफोन काढून ठेवला, उठले आणि भिंतीला हात लावून चालायला लागले. ओटीवरून मला माजघर आणि स्वयंपाकघराचा दरवाजा दिसत होता, आणि या वेळी माझी नजर त्यांच्यावरून हलली नाही. देवघरातल्या दिव्यांच्या माळेची पिन त्यांनी काढली, पुटपुटले. फ्रिजची काढली, पुटपुटले. मिक्सरची, टीव्हीची, इंटरनेटच्या डबीची. शेवटी टेबलापाशी आले, लॅपटॉपच्या चार्जरची पिन बोर्डातून उपसली, वायर गुंडाळून बाजूला ठेवली आणि खुर्चीत बसून हेडफोन कानाला लावला. साठवणीच्या कार्डावरचं आपलं लिखाण ऐकायला लागले.

थोड्या वेळानं त्यांचा हात थबकला. त्यांनी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, हेडफोन काढून पुन्हा लावला. मी सूप खाली ठेवलं. त्यांना ऐकू गेलंच.

"गेला," ते म्हणाले. "शुभदा, तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, ओटीवरच बसलेय, हललेले नाही.

मला वाटलं होतं, आता तरी म्हणतील, चुकलो बाई. पण त्यांच्या तोंडावर जे आलं ते पाहून मला माझा निर्दोषपणा नकोसा झाला. त्यांचे खांदे उतरले. म्हणाले, "म्हणजे तू नाहीस. घरात तिसरं कुणी नाही. मग मीच काहीतरी चुकीचं करतोय, आणि काय करतोय ते मला दिसत नाही. वैजू बरोबर बोलते."

संशय माझ्यावर होता तोवर हा माणूस तगडा होता. तोच संशय स्वतःवर वळला तेव्हा तो माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. मी आत गेले, टेबलापाशी उभी राहिले. माझी नजर त्या गुंडाळलेल्या वायरवर गेली. आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मी चार्जर बोर्डात खुपसला, बटण दाबलं. म्हटलं, ऐका. काकांनी हेडफोन लावला. आवाज परत आला होता. मी पिन उपसली. म्हटलं, बोलू नका, नुसते ऐका. वाक्य-दोन वाक्यं झाली असतील, काकांनी वाचन क्षणभर थांबवलं, तोच तो मुका झाला. पुन्हा लावली, बोलला. पुन्हा काढली, गप्प. चार वेळा केलं. पाचव्यांदा त्यांनी स्वतःच हात पुढे करून पिन ओढली आणि कान देऊन बसले. गेला.

इतकी साधी गोष्ट, आणि इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे चोर म्हणून बघत होतो. नव्या गाभ्याला काटकसर शिकवलेली होती. चार्जर निघाला, लॅपटॉप बॅटरीवर आला, की जे कार्ड क्षणभर रिकामं दिसेल त्याला तो निजवायचा. निजवायचा ते ठीक, पण ही दोन कार्डं पुन्हा उठतच नव्हती. चार्जर लागला की उठायची. आणि चार्जर सकाळी लावणारी कोण? मी. दुपारी विजा आल्या की काढणारे कोण? काका. विजा आल्या की पिना काढायच्या, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगतसुद्धा नाही, शेंबडं पोरही काढतं. म्हणून मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी स्वतः घरी रोज तेच करत होते, आणि तरी मला दिसलं नाही.

हे सगळं मी त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा जरा सुधारला. मी म्हटलं, चला, सुटलो. उद्या ताई असेपर्यंत लॅपटॉपची पिन काढू नका म्हणजे झालं. बाकीच्या काढा हव्या तर.

"ते होणार नाही," काका म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, उद्याचा एक दिवस. घर राखायचंय की नाही तुम्हाला? लॅपटॉप जळेल अशी भीती असेल तर त्यालाही उपाय आहे, मी आणून देते. ते म्हणाले, जळण्याबिळण्याचा प्रश्न नाही, विजा आल्या की मी सगळ्या पिना काढतो, सगळ्या म्हणजे सगळ्या. मी विचारलं, का पण? तर म्हणाले, प्रश्न अप्रस्तुत आहे.

माझा पारा पुन्हा चढला. इतकं रामायण झाल्यावर हा हट्ट? मी म्हटलं, बरं, काढा, पण मग पाऊस गेल्यावर परत लावा तरी. फ्रिजची तर लागते ना रात्री? ते म्हणाले, ती संध्याकाळी पोळ्या करायला पारू येते ती लावते, लॅपटॉपला मी तिला हात लावू देत नाही. म्हटलं, तर मग तुम्ही लावा. त्यावर ते म्हणाले, तू लावतेस की सकाळी. आणि विषय संपवला. पुन्हा काहीतरी लपवताहेत, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. पण काय, ते कळेना.

मग काय, सोपा रस्ता बंद झाल्यावर अवघड रस्त्यानं गेले. काटकसरीचा जो हुकूम होता त्यातून ही दोन कार्डं वगळायची, म्हणजे बॅटरी असो की चार्जर, ती जागीच राहायला हवीत. पहिल्यांदा केलं ते चाललं, पण लॅपटॉप बंद करून सुरू केला की तो सगळं विसरायचा. पुन्हा बसले. घरी आईला निरोप धाडला. दिवेलागण झाली, पारू येऊन पोळ्या करून गेली, तेव्हा एकदाचं ते कायमचं बसलं. पिन काढली, वाट पाहिली. आवाज चालू. काकांनी पोळी-पिठल्याचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

रविवारी वैजयंतीताई आल्या. रिक्षातून उतरताना त्यांच्या हातात एक मोठी बॅग होती. मी धरायला गेले तर ती हाताला अगदी हलकी लागली. आत काहीच नव्हतं. मला कळलं ती कशासाठी आणली होती ते, आणि काकांनीही ती ओटीवर ठेवल्याचा आवाज ऐकला. रिकाम्या बॅगेचा आवाज वेगळा येतो.

जेवणं झाल्यावर परीक्षा सुरू झाली. लेकीला ऐकू यावं म्हणून मी हेडफोनच्या जागी छोटा स्पीकर लावला होता. काकांनी वर्तमानपत्र लावलं, बँकेचा हिशेब ऐकवला, पुतण्याला दोन ओळी लिहून धाडल्या. मध्ये एकदा चुकले, सावरले. ताई बघत होत्या, पण त्यांचा चेहरा काही बोलत नव्हता. शेवटी म्हणाल्या, बाबा, हे सगळं छान आहे, पण यंत्राला बोलता येतं म्हणजे घरात माणूस आहे असं होत नाही. म्हणजे लॅपटॉप पास झाला होता आणि काका नापास होणार होते.

काका म्हणाले, माझं लिहिलेलं ऐक तर खरं, आणि साठवणीच्या कार्डावरून एक आठवण लावली. संगमेश्वरच्या एका म्हशीच्या चोरीचा खटला होता. स्पीकर वाचू लागला आणि त्याच वेळी डोंगरापलीकडे गडगडलं.

काका उठले. मी ताईंकडे पाहिलं, त्या कपाळाला आठी घालून म्हणाल्या, बाबा, बसा ना, कुठे निघालात मध्येच? ते थांबले नाहीत. भिंतीला हात लावून देवघराकडे गेले. ते पडू नयेत म्हणून ताई मागून गेल्या. इकडे म्हशीचा मालक साक्ष देत होता, आणि माझे दोन्ही कान लॅपटॉपकडे होते. दिव्यांच्या माळेची पिन निघाली. फ्रिजची निघाली. मिक्सर, टीव्ही. डबी. मग ते टेबलाशी आले, लॅपटॉपची पिन ओढली, वायर गुंडाळली. स्पीकर बोलतच राहिला. म्हैस सापडली, ओळखीसाठी कोर्टाच्या आवारात आणली गेली. मला नाचावंसं वाटलं. ताईंना सांगायला म्हणून मी मान वर केली, तर त्या तिथे नव्हत्याच.

त्या अजून फ्रिजपाशी उभ्या होत्या. तोंडाला पदर लावलेला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "प्रत्येक पिन काढताना तुम्ही काय म्हणता?"

काका मानेनंच काही नाही म्हणाले.

"'नीज हां आता' म्हणता. आई म्हणायची. ती याच क्रमानं जायची, आधी देवाकडे, मग फ्रिज, मग मिक्सर. मी लहानपणी तिचा पदर धरून मागे मागे फिरायचे. तुम्ही तर खुर्चीत बसून तिला हसायचात, म्हणायचात की वीज काय तुझ्या फ्रिजवर टपून बसलीय."

"हसायचो," काका म्हणाले. "आता कोण म्हणणार ते? म्हणून म्हणतो."

ताई रडायला लागल्या. भरपूर रडल्या. म्हणाल्या, आई गेली तेव्हा मला वाटलं हे घर रिकामं झालं, म्हणून मी तुम्हाला इथून न्यायला निघाले होते. इकडे स्पीकर म्हशीच्या शिंगांचं वर्णन करत होता, त्याला थांबवावं की नाही ते मला कळेना. शेवटी काकांनीच हात लांब करून तो थांबवला.

बॅग रिकामी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी तिच्यात सोललेले नारळ भरले, आमसुलं भरली, मी निवडलेले कुळीथसुद्धा भरले. निघताना काकांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, मे महिन्यात मुलांना घेऊन येते, त्यांना पिना काढायला शिकवा. रिक्षा वळणाआड गेली तरी काका फाटकाला धरून उभे होते.

मग मला म्हणाले, "शुभदा, त्या दिवशी वैजू फोनवर काय म्हणाली होती?"

मी म्हटलं, विसरले.

"खोटी साक्ष," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसले. ओटीच्या पायरीला पाय लागला तेव्हा ते थांबले, क्षणभर घुटमळले. मग मान दुसरीकडे करून म्हणाले, "जाताना लॅपटॉपची पिन तेवढी लावून जा. मला काढता येते, लावता येत नाही. बोर्डाची भोकं सापडत नाहीत गं."

मी आत गेले आणि पिन लावली.